तुमचं वय किती, आणि तुमच्या सोरायसिसचं?

गुडघा, टाच, मनगट, काहीही दुखतंय म्हणून सांगा. समोरचा माणूस आधी वय विचारतो. आकडा कुठलाही सांगितला तरी त्याच्याकडं उत्तर तयार असतं. पोर दहा वर्षांचं असेल तर ‘वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच’. पस्तिशीचा गडी असेल तर ‘दिवसभर बसून काम, दुसरं काय होणार’. बाई पंचेचाळिशीची असेल तर आवाज जरा खाली आणून ‘पाळी जायचे दिवस आले ना’. साठी उलटलेली असेल तर विचारायचीही गरज नाही. ‘वय झालं’ एवढ्यात निदान, उपचार आणि सांत्वन, तिन्ही उरकतं.

मला या उत्तराचा राग आहे. मी सत्तेचाळीस वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते, शाळेत शिकवते. बाविसाव्या वर्षापासून अंगावर सोरायसिस आहे आणि एकेचाळिसाव्या वर्षापासून तो सांध्यांतही उतरलाय. सांध्यांतल्या त्या प्रकाराला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. घरात मी एकटी नाही. दिंडोरीकडचे थोरले मामा आहेत, पंचवटीतली मावशी आहे. जमीन मामांना मिळाली, हे वतन मात्र सगळ्यांत वाटलं गेलं. तिघांचा आजार एक, तो सुरू व्हायचं वय वेगळं, आणि तिघांनाही आपापल्या वयाचं निमित्त ऐकवून घरी पाठवलेलं.

सांधे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झिजलेले गुडघे येतात, आणि झिजेचा हिशोब सरळ असतो: जितकं वय जास्त, तितका धोका जास्त. या आजारात तसं नाही. यात झीज हा मुद्दाच नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच घरात मारामारी करायला लागते. कातडीवर त्याचे चट्टे आणि खपल्या दिसतात, सांध्यांत सूज आणि ताठरपणा. ही सुरुवात बहुतेकांत तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान होते, म्हणजे ऐन कमावत्या वयात. त्याआधी धोका कमी असतो, आणि साठीनंतर नव्यानं सुरू होणाऱ्यांची संख्या वाढत जाण्याऐवजी उतरते. शिवाय नेहमीच्या आमवातात बायकांची संख्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते. इथं दोघांची जवळपास बरोबरी. म्हणजे ‘म्हातारपणाचा’ आणि ‘बायकांचा’ अशी जी दोन लेबलं सांधेदुखीला आपण सहज लावतो, ती दोन्ही इथं चुकतात.

सोरायसिस असलेल्या किती जणांना हे होतं? जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर साधारण पाचातल्या एकाला, दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांतच मोजलं तर काही ठिकाणी तीस टक्क्यांपर्यंत. पण अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत दवाखान्यापुरतं न मोजता अख्ख्या लोकसंख्येतल्या सोरायसिसच्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा २००९ साली आलेले आकडे बरेच खाली होते: सोरायसिस सुरू झाल्यापासून ५ वर्षांत १.७ टक्के, १० वर्षांत ३.१ आणि २० वर्षांत ५.१ टक्के. कारण उघड आहे. कोपरावर रुपयाएवढा चट्टा असलेला माणूस मोठ्या दवाखान्यात जातच नाही, जातो तो अंगभर फुललेला. आणि आजार जितका जोरकस, तितका तो सांध्यांत उतरायची शक्यता जास्त. म्हणून कुणी छातीठोकपणे एकच टक्केवारी सांगितली, तर ती कुठल्या दारात उभं राहून मोजली हे आधी विचारावं.

वरचे आकडे पुन्हा पाहिलेत तर एक गोष्ट दिसेल. त्यांत माणसाचं वय कुठंच नाही. वर्षं मोजली आहेत ती सोरायसिसची.

हे मला कळायला मामांची बाग उपयोगी पडली. द्राक्षबागेला दोन वयं असतात. लागवड होऊन बारा वर्षं झाली असतील, पण ऑक्टोबर छाटणीनंतर कुणी विचारलं, ‘प्लॉट कितीचा आहे?’ तर मामा ‘बारा वर्षांचा’ म्हणत नाहीत, ‘पंचेचाळीस दिवसांचा’ म्हणतात. विरळणी कधी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) कधी, कुठल्या आठवड्यात डावणीच्या बुरशीला घाबरायचं, सगळं त्या दुसऱ्या वयावर ठरतं. वेलीचं खोड जुनं आहे म्हणून काही गोष्टी बदलतात, नाही असं नाही; पण रोज सकाळी बागेत शिरताना डोक्यात असतो तो छाटणीपासूनचा दिवस. सोरायसिसच्या माणसालाही अशीच दोन वयं असतात आणि डॉक्टरांच्या कागदावर एकच लिहिलेलं असतं.

कातडीवरचा आजार पहिल्यांदा कधी दिसला, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. १९८५ साली जर्मनीत हेन्सलर आणि क्रिस्टोफर्स या दोघांनी दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुरुवातीच्या वयाचे दोन उंचवटे दिसले. एक सोळा ते बावीसच्या आसपास, दुसरा साठीच्या अलीकडं-पलीकडं. चाळिशीच्या आत सुरू होणारा सोरायसिस घराण्यात जास्त सापडतो आणि त्याच्याशी एचएलए-सी गटातलं, म्हणजे संरक्षण यंत्रणेशी संबंधित जनुकांतलं, एक ठरावीक जनुक बऱ्याचदा जोडलेलं असतं. हे जनुक असलेल्यांत कातडी लवकर बिघडते, पण सांध्यांपर्यंत पोचायला आजार वेळ घेतो. उलट एचएलए-बी-२७ हे त्याच कुटुंबातलं दुसरं जनुक असलं तर कातडी आणि सांधे जवळपास हातात हात घालून येतात, आणि पाठीचा कणाही ओढला जातो.

सरासरीत बोलायचं तर कातडीनंतर सुमारे दहा वर्षांनी सांधे. माझ्या बाबतीत एकोणीस लागली. चाळिशीनंतर ज्यांचा सोरायसिस सुरू होतो त्यांच्यात मात्र हे अंतर आखडतं. मावशीला त्रेसष्टाव्या वर्षी कानामागं आणि डोक्यात खपल्या आल्या, आणि दोन वर्षांच्या आत पावलं सुजली. तिची सून म्हणाली, ‘आत्या, या वयात संधिवात नाही होणार तर कधी होणार?’ सून चांगली आहे हो, रोज तेल चोळून द्यायची. पण कातडीचं आणि पावलांचं काही नातं असेल हे तिला कोण सांगणार? कातडीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, आणि दोघांच्या फायली दोन वेगळ्या पिशव्यांत.

यात आणखी एक गोंधळ आहे. दर सहा-सात जणांमागं एकाच्या बाबतीत सांधे आधी धरतात आणि कातडीवर काहीतरी दिसायला पुढं महिने, वर्षं जातात. अशा माणसाला सोरायसिसचं वयच नसतं. मग घराण्यात कुणाला आहे का, हे विचारावं लागतं. आणि नखं बघावी लागतात.

नखांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण निदान माझ्यापुरतं तरी तिथूनच सगळं उलगडलं. माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर बारीक खळगे होते, सुईच्या टोकानं टोचावेत तसे, ओळीत नाही, विस्कटलेले. नखाच्या मध्याखाली पिवळट-तांबूस डाग. आणि पुढची कड मांसापासून सुटून वर उचललेली. मेथी निवडताना काडी त्या कडेखाली शिरायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. नेलपॉलिश लावलं की झाकलं जायचं, म्हणून कुणाला दिसलंही नाही. बुरशी असेल म्हणून एकदा औषधही झालं. पुढं एका संधिवाततज्ज्ञांनी सांधे बघायच्या आधी हात पालथे करायला सांगितले आणि नखं खिडकीच्या उजेडात धरली. मग त्यांनी समजावून सांगितलं की नख हे बोटाच्या टोकाला नुसतं चिकटवलेलं नसतं. शेवटच्या पेराचा सांधा सरळ करणारी जी कंडरा असते, तिचे तंतू नखाच्या मुळापर्यंत पोचलेले असतात. या आजाराचं आवडतं ठाणंच मुळी सांध्याच्या पोकळीपेक्षा कंडरा हाडाला चिकटते ती जागा. म्हणून शेवटचं पेर सुजतं, म्हणून टाच धरते, म्हणून पावलाखालचा पडदा सकाळी पाऊल जमिनीला टेकू देत नाही. ओल्मस्टेडच्या त्याच अभ्यासात डोक्यातला सोरायसिस, नखांची खराबी आणि ढुंगणाच्या घळीतले चट्टे या तीन जागांच्या रुग्णांना सांध्यांचा धोका जास्त दिसला होता. तिसरी जागा कुणी आपण होऊन दाखवत नाही, मावशीनं तर नाहीच नाही.

मामांची गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. त्यांच्या कोपरांवर पंचविशीपासून चट्टे होते. छाटणीच्या दिवसांत कात्रीची मूठ अंगठ्याच्या मुळाशी जिथं घासते, नेमक्या तिथं नवा चट्टा उठायचा. सोरायसिसला ही खोड आहे, जिथं कातडी दुखावेल तिथं तो हजर. थंडीत जास्त. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडं तिघांच्याही अंगावर फूल उमलतं, बागेत मात्र घडांची काळजी. पन्नाशीला मामांच्या डाव्या पायाचं दुसरं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं, लाल झालं, चप्पल चढेना. रक्तात युरिक अ‍ॅसिड जरा वर आलं. झालं, गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड सांध्यांत साचून होणारा वात, ठरला. तूर बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. सोरायसिसच्या माणसांत युरिक अ‍ॅसिड तसंही वाढलेलं सापडतं, हे तेव्हा कुणी बोललं नाही. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह आला, तेव्हा ‘संधिवात नाहीच’ असाही शेरा मिळाला. या आजारात तो बहुधा निगेटिव्हच येतो. त्याच्यावरून काही नाकारता येत नाही. वर्षभर वरणाशिवाय भात खाल्लेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आणि बोट होतं तसंच जाडजूड.

उशिराची किंमत मोठी असते. आयर्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलं लक्षण दिसल्यापासून तज्ज्ञापर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त लागलेल्या रुग्णांत सांध्यांची हाडं कुरतडली जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं, हातपायांची कामं करायची क्षमताही कमी राहिली. सहा महिने म्हणजे काय? आपल्याकडं तेवढे एरंडेल, बस्ती आणि ओळखीच्या माणसानं दिलेल्या पुडीत जातात. त्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. घेतल्यावर चमत्कारासारखं बरं वाटतं आणि थांबवलं की सोरायसिस दुप्पट उसळतो.

दुखणारे लोक पुष्कळ आहेत हेही खरं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोपरा यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा गावातली सगळ्यात मोठी तक्रार हीच निघाली. इतक्या गर्दीतून सुजेचं दुखणं वेगळं काढायचं तर वय विचारून भागत नाही, घड्याळ विचारावं लागतं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं आणि विसाव्यानं कमी होतं. सकाळी उठल्यावर जरा आखडल्यासारखं वाटलं तरी पाच-दहा मिनिटांत सुटतं. आमचं उलटं. रात्रभर झोपून उठलं की बोटांची मूठ वळत नाही, अर्धा-पाऊण तास, कधी जास्त. आणि हालचाल सुरू केली की हळूहळू मोकळं होतं. शाळा सकाळची असल्यानं मला हे फार अचूक माहीत आहे. पहिल्या तासाला फळ्यावरचं अक्षर माझं नसायचं, तिसऱ्या तासाला परत माझं व्हायचं.

लहान मुलांतही हा आजार असतो, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. तिथंही दोन उंचवटे आहेत: एक पहिल्या दोन-तीन वर्षांत, त्यात मुली जास्त, दुसरा नऊ-दहा-अकराच्या आसपास. मुलांमध्ये सांधे आधी आणि कातडी मागून, हे मोठ्यांपेक्षा बरंच जास्त दिसतं. सकाळी लंगडणारं आणि दुपारी पळणारं पोर नाटक करतंय असं ठरवायच्या आधी त्याची नखं, डोक्याची कातडी आणि बेंबी बघावी. आणि डोळे. यांतल्या काही मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येते, ती लाल दिसत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र खाते. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून ठरावीक काळानं तपासणी करून घ्यावी लागते. एक आई मला पालकसभेनंतर भेटली होती, तिच्या मुलीचं पायाचं एकच बोट सुजायचं. ‘बूट लहान होतोय म्हणून मोठा घेतला, मॅडम,’ म्हणाली. तिला मी बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं, त्यापुढचं मी इथं लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे.

तारुण्यातल्या वजनाचा एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१० साली अमेरिकेतल्या यूटामधून आलेल्या एका अभ्यासात सोरायसिसच्या रुग्णांना त्यांचं अठराव्या वर्षीचं वजन विचारलं होतं. तेव्हा जे जाड होते त्यांना पुढं सांध्यांचा त्रास व्हायची शक्यता जास्त निघाली. म्हणजे पन्नाशीच्या धोक्याची मुळं अकरावी-बारावीत असू शकतात. नाशिकच्या पोरांचा रविवार मिसळीवर सुरू होतो, आणि मी मिसळीच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. बोलायचं ते क्लासच्या नावाखाली गेलेल्या मैदानाबद्दल.

औषधांच्या बाबतीत वय पुन्हा मध्ये येतं, पण वेगळ्या वाटेनं. मेथोट्रेक्सेट ही या आजारातली नेहमीची गोळी पोटात मूल असताना चालत नाही, आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून ते थांबवावं लागतं. तिशीतल्या बाईला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मावशीच्या वयाला मूत्रपिंडं आणि यकृताच्या तपासण्या जास्त काटेकोर ठेवाव्या लागतात. आणि कुठल्याही वयाला एक गोष्ट पक्की: ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मावशीच्या कॅलेंडरवर दर गुरुवारी लाल शाईनं फुली आहे, तिथं ती एकादशीही पुढं ढकलेल पण फुली नाही. याच्यावर भागलं नाही तर इंजेक्शनं येतात. त्यांतलं अ‍ॅडॅलिमुमॅब जगात पहिल्यांदा बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, या स्वरूपात आलं ते आपल्याकडंच, झायडस या औषध कंपनीनं डिसेंबर २०१४ मध्ये आणलं. ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात, कारण आपल्या देशात तो जंतू कितीतरी जणांच्या अंगात गुपचूप बसलेला असतो. मामांना हीच इंजेक्शनं लागू पडली. बोटाचा आकार पूर्वीचा होणार नाही, एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसतं. पण गेल्या छाटणीला कात्री मामांच्याच हातात होती.

साठीनंतरच्यांबद्दल मावशीच्या निमित्तानं एक सांगायचं राहिलं. त्या वयात नवे रुग्ण कमी असतात, पण काहींत सुरुवातच जोरात होते: पावलांची सूज जास्त, रक्तातली सुजेची मापं जास्त चढलेली. त्यातून बोटांच्या शेवटच्या पेराचे सांधे झिजेनंही त्याच वयात सुजतात. झिजेची गाठ हाताला टणक, हाडासारखी लागते. मावशीची सूज मऊ होती, बोट दाबलं की दुखायची. तेवढा फरक करायला कुणीतरी तिचा हात हातात घ्यायला हवा होता.

इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेच्या सूचनांनुसार सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाला वर्षातून एकदा सांध्यांबद्दल विचारायचं असतं, आणि आजाराच्या पहिल्या दहा वर्षांत तर आवर्जून. त्यासाठी पाच प्रश्नांचा एक छोटा तक्ता वापरतात. कधी सांधा सुजला होता का? डॉक्टरांनी कधी संधिवात असल्याचं सांगितलंय का? नखांवर खळगे आहेत का? टाच दुखली आहे का? कारण नसताना हातापायाचं एखादं बोट पूर्ण सुजून दुखलं होतं का? तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर संधिवाततज्ज्ञांकडं पाठवायचं. निदान नाही हे, फक्त दार दाखवणं. पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. तरी कातडीच्या दवाखान्यातल्या इतक्या वर्षांत मला ते कुणी विचारले नव्हते.

आता ते मी विचारते. मामांचा नातू इंजिनिअरिंगला आहे, सोळाव्या वर्षी त्याच्या डोक्यात सोरायसिस सुरू झाला, म्हणजे आज तो वीसचा आणि आजार चार वर्षांचा. भाऊबीजेला सगळे जमले की ओवाळणीच्या आधी त्याची उलटतपासणी होते. यंदा टाचेला ‘हो’ म्हणाला, वर ‘क्रिकेटमुळं गं, आत्या’ अशी पुस्ती. नखांवर दोन-तीन खळगे आहेत की नाहीत यावर मामांचं आणि माझं एकमत झालं नाही, दिव्यांच्या उजेडात नीट दिसेना. सेमिस्टरची परीक्षा झाली की माझ्याच डॉक्टरांकडं न्यायचं ठरलंय. तो म्हणतो, शनिवारची वेळ घे, रविवारी मॅच असते.